गुग्गुळ, लसूण, इसबगोल आणि माझे कोलेस्टेरॉलचे सात महिने

१७ जानेवारी २०२५. संक्रांत होऊन तीनच दिवस झाले होते आणि आमच्या ऑफिसची वार्षिक तपासणी होती. उपाशीपोटी यायचं होतं. आदल्या रात्री साडेआठला जेवले, सकाळी नुसतं पाणी प्यायले आणि मुलुंड ते सीएसएमटी उभ्याने गेले. कॅन्टीनमध्येच टेबल मांडून रक्त घेत होते आणि शेजारच्या टेबलावर कुणीतरी तिळाच्या लाडवांचा डबा उघडून ठेवला होता.

रिपोर्ट सोमवारी मेलवर आला. एकूण कोलेस्टेरॉल २६८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते) ४४, एलडीएल (वाईट म्हणतात ते) १८२. मोठ्या आकड्यांपुढे लाल बाण. माझं वय ४८, साखर ठीक, बीपी जेमतेम ठीक. कुठे दुखत नव्हतं, चालताना दम लागत नव्हता. ताप आला की निदान कपाळाला हात लावून कळतं. हे नुसतं कागदावर होतं. बाबांना एकसष्टाव्या वर्षी अटॅक आला होता, ते मात्र त्या रात्री दोनदा आठवलं.

एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती, ती इथेच सांगून टाकते. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, गणिताने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. २६८ वजा ४४ वजा ४२, झाले १८२. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर हे गणित चालत नाही. तेव्हा प्रत्येक वेळी एकच लॅब धरा, आणि लग्नाचं जेवण झाल्यावर किंवा तापातून उठल्यावर लगेच तपासणीला जाऊ नका.

२१ जानेवारीला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. फी ७०० रुपये. त्यांनी रिपोर्ट पाहिला, बाबांचं विचारलं आणि टीएसएच (थायरॉइड), एसजीपीटी (यकृत), क्रिएटिनिन (मूत्रपिंड), एचबीएवनसी (तीन महिन्यांची साखर) अशा तपासण्या लिहून दिल्या. थायरॉइड मंदावलं असेल तर कोलेस्टेरॉल चढतं. तसं असेल तर आधी ते बघायचं. १,४५० रुपये गेले, सगळं नॉर्मल आलं. मग ते म्हणाले, "एलडीएल १९० च्या वर असतं तर आजच कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली असती. तुम्हाला तीन महिने देतो. खाणं आणि चालणं सुधारा, मग बघू. काढे, चूर्णं वगैरे काही घेता का?"

मी नाही म्हटलं. त्या दिवशी ते खरंही होतं.

रविवारपर्यंत बातमी घरभर झाली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, अनशापोटी लसणीच्या दोन पाकळ्या चाव, आमच्या गावात कुणाला झालं नाही हे कोलेस्टेरॉल." जाऊबाईंनी गुग्गुळाच्या गोळ्या सुचवल्या. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या सासऱ्यांना अर्जुनसालीने बरं वाटलं होतं. शेजारच्या काकूंनी मेथ्या भिजवून खायला सांगितल्या आणि आरोग्यवर्धिनीची एक डबीही आणून दिली. नवरा या विषयात पडत नाही. त्याने फक्त कढीपत्त्याची जुडी आणून ओट्यावर ठेवली.

डॉक्टरांनी तीन महिने दिले होते आणि मला एकच धास्ती होती: गोळी. एकदा सुरू झाली की जन्माची, असं डोक्यात बसलेलं. आमच्या पिढीतल्या किती जणींच्या पर्समध्ये असा एक नवस असतो, की पालापाचोळा वाट्टेल तेवढा खाईन, पण गोळी नको.

१ फेब्रुवारीच्या शनिवारी काळबादेवीला गेले. तिथली काष्ठौषधींची दुकानं मला आवडतात, खोटं कशाला बोलू. अर्धवट उघडी पोती, हिरड्या-बेहड्याचा कोरडा तुरट वास, आणि काउंटरमागे असा माणूस की जो नाव घ्यायच्या आत पुडी बांधायला घेतो. पाव किलो अर्जुनसाल चूर्ण १३० रुपये. मेथ्या घरच्याच. गुग्गुळाच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून, साठ गोळ्या २१० रुपये. चिठ्ठी विचारली नाही, मी दाखवलीही नाही. काष्ठौषधीवाल्याने पावती दिली ती वहीच्या पानावर. ही पावती पुढे मला नडली.

पुढचे सहा आठवडे माझी सकाळ अशी: लसणीच्या पाकळ्या, त्यावर पाणी, भिजवलेल्या मेथ्या, कढीपत्त्याचा हिरवागार रस, नाश्त्यानंतर गुग्गुळाच्या दोन गोळ्या, आणि रात्री अर्जुनसालीचा क्षीरपाक. क्षीरपाकाची जुनी रीत म्हणजे औषधाच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी, आणि सगळं पाणी आटून दूध उरेपर्यंत मंद आच. मी तो अगदी निगुतीने करत होते. दूध म्हशीचं, सायीसकट. कोलेस्टेरॉल उतरवायला रोज रात्री कपभर म्हशीचं दूध! तेव्हा हे लक्षातही आलं नाही. लोकलमध्ये माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका दादरला उठायच्या, ते दादर आलं म्हणून की लसणीमुळे, देव जाणे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही हातांवर आतल्या बाजूला बारीक लाल पुरळ उठलं. खाज. पोटही ढिलं होतं. धुळवडीला मी रंग खेळले नाही, तरी संध्याकाळी सगळे विचारत होते, कुठला रंग लावला, निघत नाहीये का? १५ मार्चला कुणाला न सांगता लॅबमध्ये जाऊन लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी केली, ५५० रुपये. एकूण २७०, एचडीएल ४३, ट्रायग्लिसराइड १९५, एलडीएल १८८.

रडू आलं. एवढ्या लसणीनंतर सहाने वाढलेलं.

डॉक्टरांना तोंड दाखवायची लाज वाटली. माझी भाची फार्मसीच्या कॉलेजात वनौषधी हाच विषय घेऊन शिकते. तिला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, आधी ते सगळं थांबव. आणि आयुर्वेदच करायचा असेल तर वैद्याकडे जा ना. तू तर जाऊबाईंकडून आणि काकूंकडून चिठ्ठ्या घेतल्यास."

१८ मार्चला एका सरकारी आयुर्वेद रुग्णालयात गेले. पावणेबाराला पोचले. नव्या रुग्णांचा केसपेपर साडेअकरालाच बंद झालेला. हे बाहेरच्या फलकावर लिहिलं होतं, पण तो फलक आत गेल्यावरच दिसत होता. अर्धी रजा फुकट गेली. २० तारखेला आठ वाजून दहा मिनिटांनी हजर राहिले तरी पुढे तीसेक माणसं. तुम्ही जाणार असाल तर आधार कार्ड जवळ ठेवा आणि फोनमध्ये आभाचं (सरकारी आरोग्य ओळख क्रमांकाचं) खातं आदल्या रात्रीच उघडून ठेवा. खिडकीवरचा क्यूआर स्कॅन केला की नाव-पत्ता त्यांच्या संगणकावर जातो आणि टोकन मिळतं. माझा ओटीपी काही येईना, मागचे लोक सुस्कारे टाकायला लागले. शेवटी खिडकीतल्या ताईंनी हातानेच केसपेपर लिहिला. त्यावर विभाग लिहिला: कायचिकित्सा, म्हणजे आयुर्वेदातलं मेडिसिन. खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.

तिथे आधी एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने माझी माहिती लिहून घेतली. चाळीस मिनिटं. भूक कधी लागते, झोप कशी, शौचास साफ होते का, पाळी, घाम, जीभ बाहेर काढा, नाडी. ऑफिसात बसून किती तास जातात. रागाचं कारण काय असतं. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या दवाखान्यात कुणीतरी मला घाई केली नाही. पेपर पाठपोट भरला.

मग वैद्य मॅडम. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. म्हणाल्या, "सध्या काय काय घेताय?" भाचीच्या सांगण्यावरून मी सगळं एका कापडी पिशवीत घालून नेलं होतं. ती टेबलावर रिकामी केली. चूर्णाची पुडी, गोळ्यांची बाटली, मेथ्यांची बरणी, आरोग्यवर्धिनीची न उघडलेली डबी.

"गुग्गुळ कुणी सांगितला?"

"जाऊबाईंनी."

"त्यांचा नोंदणी क्रमांक काय?"

विद्यार्थिनी वहीत तोंड घालून हसली. मॅडम हसल्या नाहीत. गुग्गुळ उष्ण आणि तीक्ष्ण, तो शुद्ध करून आणि प्रकृती पाहून द्यायचा असतो. पुरळ आणि जुलाब त्याचे असू शकतात, आजपासून बंद. आरोग्यवर्धिनीची डबी उचलून त्यांनी मला मागचं बारीक अक्षर वाचायला लावलं. त्यात कज्जली असते, म्हणजे पारा आणि गंधक, आणि ताम्रभस्मही. वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना लेबलवर छापलेली असते, आणि ती शेजारणीच्या देखरेखीबद्दल नसते. त्यांनी एसजीपीटी पुन्हा करायला सांगितलं. कोरोनाच्या काळात, २०२० च्या शेवटी, मुंबईतच सहा जणांना गुळवेल घेतल्यानंतर यकृताचा त्रास झाल्याची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली होती, आणि आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली होती. मॅडमनी दोन्ही बाजू सांगितल्या आणि म्हणाल्या, "वाद चालू दे. तुमचं एसजीपीटी आपल्याला माहीत असलेलं बरं." ते ३१ आलं, म्हणजे ठीक.

मी विचारलं, मग कोलेस्टेरॉलवर आयुर्वेदात काय? त्यांचं उत्तर मी घरी येऊन वहीत उतरवलं, कारण असं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. "कोलेस्टेरॉल हा शब्द आमच्या ग्रंथांत नाही. मेद आहे, मेदोरोग आहे. मी तुमच्या मेदाची, अग्नीची, झोपेची चिकित्सा करू शकते. पण एलडीएल हा आकडा तुम्ही लॅबमधून आणलाय, तर तो लॅबमध्येच तपासायचा. आणि तुमच्या डॉक्टरांपासून लपवायचं नाही. ते आणि मी एकमेकांना न दिसता तुमच्यावर औषधं टाकली तर काय कशाने झालं कुणाला कळणार?" त्यांनी केसपेपरवर खाली चार ओळी लिहिल्या: काय घेतलं, किती आठवडे, काय त्रास झाला, चार आठवडे सर्व बंद. त्याची झेरॉक्स डॉक्टरांना द्यायला सांगितली. दवाखान्यातून पुरळावर लावायला तेल मिळालं. सगळा खर्च, केसपेपर आणि एसजीपीटी धरून, दोनशेच्या आत. वेळ मात्र साडेचार तास.

गुढीपाडव्याला भाची जेवायला आली आणि श्रीखंडाऐवजी (मला दोनच चमचे मिळालं) तिच्याकडून गुग्गुळाची सगळी गोष्ट ऐकली. ती इतकी रंजक आहे की इथे थोडी थांबते.

१९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी प्रबंध लिहिला. सुश्रुताने मेदोरोगाचं जे वर्णन केलंय त्यावरून त्यांनी सशांना कोलेस्टेरॉल वाढवणारा आहार दिला आणि गुग्गुळाने काय होतं ते पाहिलं. सशांत फरक दिसला. तिथून लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत काम पुढे गेलं, १९८० च्या दशकात गुग्गुळाचा अर्क भारतात औषध म्हणून बाजारात आला, आणि इथल्या काही अभ्यासांत कोलेस्टेरॉल उतरल्याचंही दिसलं. म्हणजे जाऊबाई हवेत बोलत नव्हत्या. मग २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे चाचणी झाली, अर्ध्यामुर्ध्या नव्हे तर खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीशी तुलना करून. गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल चार-पाच टक्क्यांनी वाढलं, खोटी गोळी घेणाऱ्यांचं पाच टक्क्यांनी उतरलं. आणि गुग्गुळवाल्यांतल्या काहींच्या अंगावर पुरळ उठलं.

मी हाताकडे पाहिलं. भाची म्हणाली, "हो, तसंच." त्यात आणखी एक वाईट म्हणजे गुग्गुळाचं झुडूप. कच्छ-राजस्थानात वाढतं, डिंकासाठी खाचा मारून मारून इतकं संपवलंय की जागतिक लाल यादीत ते अतिधोक्यात आलेल्या वनस्पतींत आहे.

लसणीचं तिने एका वाक्यात आटपलं. २००७ साली अमेरिकेत १९२ लोकांना सहा महिने लसूण दिली, एका गटाला तर कच्चीच. एलडीएल हललं नाही. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांची लसूण कसली, आपली गावठी बघा." चटणीत लसूण राहिली, अनशापोटीची बंद झाली.

अर्जुनसालीबद्दल ती जरा नरम होती. एका भारतीय अभ्यासात, २००१ चा, हृदयरोगाच्या १०५ रुग्णांवर महिनाभर, एलडीएल चांगलं उतरलेलं आहे. पण महिना म्हणजे काय, आणि माणसं तरी किती. खरी अडचण तिने माझ्या पुडीत बोट घालून दाखवली. "हे अर्जुन कशावरून?" चूर्ण झाल्यावर डोळ्यांनी ओळखता येत नाही. अर्जुनाची साल बाहेरून गुळगुळीत, पांढुरकी-करडी, आतून लालसर. त्याचाच भाऊ ऐन, त्याची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. अर्जुनात ऐनाची साल खपवली जाते. घ्यायचीच असेल तर अख्खी साल घ्यावी आणि घरी कुटावी, किंवा परवाना क्रमांक, तारीख आणि घटक छापलेली सीलबंद बाटली. माझ्या पुडीवर पेन्सिलने नुसतं 'अर्जु' लिहिलं होतं.

चार आठवडे काहीच घेतलं नाही. पुरळ दहा दिवसांत गेलं. १९ एप्रिलला पुन्हा रक्त: एकूण २६५, एचडीएल ४४, ट्रायग्लिसराइड २०५, एलडीएल १८०. म्हणजे १८२, १८८, १८०. डॉक्टर म्हणाले, एवढा चढउतार काही न करताही होतो. तेव्हा गुग्गुळाने माझं एलडीएल वाढवलं असं मी छातीठोक म्हणणार नाही. उतरवलं नाही एवढं नक्की.

डॉक्टरांनी वैद्य मॅडमची चिठ्ठी दोनदा वाचली. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "चांगलं लिहिलंय. मला फेब्रुवारीत सांगितलं असतंत तर सहा आठवडे वाचले असते." आणि मग मला जे अपेक्षित नव्हतं ते झालं. त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर लिहिलं: इसबगोल.

हेही आपल्याच मातीतलं. उत्तर गुजरातेत पिकतं, उंझ्याच्या बाजारात विकलं जातं आणि आपल्याकडे बद्धकोष्ठापलीकडे कुणी त्याला विचारत नाही. पण माझ्या यादीतल्या वनस्पतींत ज्याचा पुरावा खरोखर उभा राहिलाय ते हेच बिचारं. त्याचा बुळबुळीत भाग आतड्यात पित्तातली आम्लं धरून बाहेर नेतो. ती पुन्हा बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ सालीच इसबगोलाच्या पाकिटावर हृदयविकाराचा धोका कमी करण्याबद्दल लिहायला परवानगी दिली, रोज ७ ग्रॅम विरघळणारा तंतू मिळणार असेल तर. म्हणजे साधारण १० ग्रॅम भुसा. उतार मोठा नसतो, पाच ते दहा टक्के.

२१ एप्रिलपासून सुरू केलं. भुसा फार हलका असतो. माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर शीगभर मोठा चमचा म्हणजे ५ ग्रॅम भरला. पहिला आठवडा एकच चमचा, तरी पोट ढोलकीसारखं. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळ-संध्याकाळ एकेक. पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा. फोन वाजला म्हणून दोन मिनिटं थांबलात तर पेल्यात खळ होते. वर आणखी एक पेला पाणी प्यायचंच, नाहीतर घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. थायरॉइडची किंवा दुसरी गोळी चालू असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा, आणि ते डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. १०० ग्रॅमचं पाकीट दहा दिवस पुरतं, महिन्याचे साधारण ४५० रुपये झाले.

सोबत खाण्याची काटछाट. चारचा वडापाव बंद, खारी बंद, बेकरीतली नानकटाई बंद. हे सोपं गेलं. नारळ अवघड गेला. आम्ही मालवणकडचे, ओल्या खोबऱ्याशिवाय भाजीला भाजी कशी म्हणणार? डॉक्टर म्हणाले, खोबऱ्यातली चरबी संपृक्त, म्हणजे एलडीएल चढवणारी. मी म्हटलं, केरळातली माणसं जगतात ना? ते म्हणाले, तिथे जाऊन लिपिड प्रोफाइल बघून या. शेवटी तह झाला: वाटण रविवारी, बांगड्याचं तिखलं कधीही, सोलकढी नारळाच्या दुधाऐवजी कोकमाच्या आगळाची. सासूबाईंनी तिला 'आजारी सोलकढी' असं नाव दिलंय. मुलुंड स्टेशनवरून रिक्षाऐवजी चालत यायला लागले. २६ मेलाच पाऊस आला, तरी चालणं बहुतेक टिकलं.

१४ जून: एकूण २३६, एचडीएल ४५, ट्रायग्लिसराइड १६५, एलडीएल १५८. वजन अडीच किलो कमी. मला पेढे वाटावेसे वाटले (पेढे!). डॉक्टरही खूश होते, पण म्हणाले, "बाबांचा इतिहास आहे, एकदा लायपोप्रोटीन ए बघून घेऊ, एलडीएलसारखाच रक्तातला एक कण." ही तपासणी आयुष्यात साधारण एकदाच करायची असते, तो आकडा अनुवंशाने ठरतो, खाण्याने फारसा हलत नाही. १,३०० रुपये, चार दिवसांनी रिपोर्ट. ५० च्या आत हवं होतं. माझं ७८ मिलिग्रॅम आलं.

आता १५८ पुरेसं नव्हतं. डॉक्टरांनी अटोरवास्टॅटिन १० मिलिग्रॅम, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी सुचवली आणि म्हणाले, "आज हो म्हणू नका. घरी जा, प्रश्न लिहून आणा."

सात प्रश्न लिहून नेले. त्यातला पहिला होता, केमिकल आहे ना? ते म्हणाले, "बुरशी चालेल का?" जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात हजारो बुरश्या तपासल्या आणि तांदळावर सापडलेल्या एका निळसर हिरव्या बुरशीतून पहिलं स्टॅटिन काढलं. माझी गोळी तिची कारखान्यात घडवलेली नात. 'निसर्गातलं की रसायन' या प्रश्नावर मी सहा महिने घालवले होते, त्याचं असं झालं. दुसरा प्रश्न अंगदुखीचा. २०२० साली इंग्लंडमध्ये, स्टॅटिन सोसत नाही म्हणून सोडून दिलेल्या साठ जणांना आळीपाळीने खरी गोळी, खोटी गोळी आणि काहीच नाही असं देऊन पाहिलं. खऱ्या गोळीवर जो त्रास व्हायचा त्यातला नव्वद टक्के खोट्या गोळीवरही झाला. तरी खरोखर स्नायू दुखले, लघवी गडद झाली, तर लगेच फोन करायचा, हे त्यांनी अधोरेखित करून दिलं. गुग्गुळ आता मुळीच नको. तो शरीरात औषधं फोडण्याच्या यंत्रणेत ढवळाढवळ करतो.

२१ जूनला पहिली गोळी. जन औषधी केंद्रात दहा गोळ्यांची पट्टी वीस रुपयांच्या आत मिळाली. क्षीरपाकाला महिन्याला किती दूध गेलं होतं तो हिशेब मी नवऱ्याला सांगितला नाही. तिसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखल्या. आठवडाभर वाट पाहायचं ठरलं होतं. चौथ्या दिवशी आठवलं की स्टेशनचा सरकता जिना बंद आहे आणि आम्ही सगळेच दुखऱ्या पोटऱ्यांनी फिरतोय.

आठ आठवड्यांनी तपासणी, म्हणजे १६ ऑगस्ट. तो निघाला गोपाळकाला, लॅब बंद. मग १८-१९ ला तो पाऊस, लोकल ठप्प, ऑफिसच घरून. शेवटी २३ ऑगस्टला, गणपतीच्या चार दिवस आधी, रक्त दिलं. एकूण १७०, एचडीएल ४६, ट्रायग्लिसराइड १३०, एलडीएल ९८. एसजीपीटी २९.

इसबगोल चालू आहे, गोळी चालू आहे. वैद्य मॅडमकडे झोपेसाठी आणि पोटासाठी दर दोन महिन्यांनी जाते. जुन्या रुग्णांची रांग वेगळी आणि छोटी असते. तिथल्या केसपेपरवर आता अटोरवास्टॅटिन लिहिलेलं आहे आणि डॉक्टरांच्या फाइलीत त्यांची झेरॉक्स. अर्जुनसालीची एकटीची पाळी आलीच नाही, त्यामुळे तिच्याबद्दल माझ्यावरून कुणी काही ठरवू नये. गणपतीच्या फळांत पपनस आलं तेव्हा विचारून घेतलं: ग्रेपफ्रूटचा रस या गोळीबरोबर जास्त प्रमाणात चालत नाही आणि पपनस त्याच्याच कुळातलं. मी दोन फोडी खाल्ल्या, बाकी वाटून टाकलं.

ऑफिसकडे बिलांची फाइल दिली होती. तपासण्या आणि फी मंजूर झाली, कारण बिलांवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक होता. इसबगोलही प्रिस्क्रिप्शनवर असल्यामुळे मंजूर. काळबादेवीची १३० रुपयांची पावती 'कच्ची' असा शेरा मारून परत आली.

पुढच्या तपासणीची तारीख १० जानेवारी २०२६. शनिवार बघून मुद्दाम संक्रांतीच्या आधी घेतलीय.